एका तारेची काटकसर : सोलापूर, वालचंद आणि जुन्या मोटारीतील ‘शॉर्ट’चा शोध

१/
सोलापूरचा मे महिना. रात्री व्यवस्थित उभी केलेली जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळी चावी फिरवताच नुसती ‘टक्’ करते आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा मंद होत विझतो. बॅटरी उतरलेली असते. काल ती भरलेली होती. मधल्या दहा तासांत इंजिन बंद होते आणि दिसण्यात एकही दिवा लागलेला नव्हता. मग वीज गेली कुठे? या साध्या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याचे एक टोक सोलापुरातच आहे.

२/
शोधाला निघण्यापूर्वी एक भेद स्पष्ट असावा लागतो. ‘वायर शॉट झाली’ हे गॅरेजातले एकच वाक्य तीन निरनिराळ्या दोषांसाठी वापरले जाते. पहिला दोष म्हणजे उघडी पडलेली तार गाडीच्या पत्र्याला टेकणे, अर्थात खरे लघुपरिपथन. दुसरा म्हणजे गळती : चावी बंद असतानाही एखादा मार्ग चालू राहून वीज हळूहळू वाहत राहणे. तिसरा दोष बॅटरीच्या पोटातला, जिथे पट्ट्याच एकमेकींना टेकतात. परिणाम तिन्हींचा सारखा, पण माग काढण्याची रीत प्रत्येकाची वेगळी.

३/
आता ते सोलापूरचे टोक. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने हे गाव कापडाचे केंद्र होऊ लागले होते. कापूस आणि सावकारी या घरच्या व्यवसायात वालचंदांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून ते ठेकेदारीत उतरले. बार्शी लाइट रेल्वेचे काम ही त्या वाटचालीची सुरुवात होती. पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीचे जहाज, १९४० साली बंगळूरचा विमान कारखाना आणि मग मोटार, असा हा प्रवास झाला.

४/
मोटारीचा कारखाना भारतात व्हावा, हा आग्रह १९३०च्या दशकात सर मो. विश्वेश्वरय्या यांनीही धरला होता. १९३९ साली वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी बोलणी जुळली नाहीत, क्रायस्लरशी जुळली. महायुद्ध आणि ब्रिटिश सरकारची अनास्था यांमुळे काम रखडले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ पासून मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुट्या भागांच्या पेट्या अमेरिकेतून येत आणि जुळणी कुर्ल्यात होई.

५/
त्या पेट्यांतून इंजिनाबरोबर एक विद्युत-व्यवस्थाही आली. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असे आणि तिचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. तारांवर रबराचे आवरण आणि त्यावर सुताची वीण असे. विजेची तार कापडात गुंडाळलेली, ही गोष्ट गिरणगावातून आलेल्या माणसाच्या गाडीला साजेशीच होती. पण रबर उन्हाने कडक होऊन तडकते आणि सूत तेल व ओल शोषून घेते. आज एखाद्या संग्राहकाकडे त्या काळची डॉज मूळ तारांनिशी उभी असेल, तर पहिला संशय त्या वेष्टणावरच घ्यावा लागतो.

६/
मोटारीला मोठ्या बॅटरीची गरज मुळात कशासाठी? आरंभीच्या पेट्रोल गाड्या समोरून हँडल मारून सुरू करीत. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडत असे. १९१२च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर बसवला. आपल्या मेकॅनिकांचा ‘सेल्फ’ तो हाच. त्याला क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर धारा लागते. ती देण्यासाठी मोठी बॅटरी आली, बॅटरी भरण्यासाठी डायनॅमो आला, आणि वीज हाताशी आल्यावर दिवे, भोंगा, वायपर सारेच तिच्यावर चालू लागले.

७/
ही बॅटरी मोटारीहून जुनी आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा घट तयार केला. १८८१ साली कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन त्याची क्षमता वाढवली. असा एक घट सुमारे २ व्होल्ट देतो. तीन घटांची बॅटरी ६ व्होल्टची आणि सहा घटांची १२ व्होल्टची. गुण एवढाच की तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो. म्हणूनच ती स्टार्टरला मुक्तहस्ते धारा देते, आणि म्हणूनच शॉर्ट झाल्यावर तारेलाही तितक्याच मुक्तहस्ते जाळते.

८/
आता मूळ मुद्दा. कोणताही दिवा लागण्यासाठी वीज जाण्याचा एक आणि परतण्याचा एक असे दोन मार्ग हवेत. मोटारीत मात्र बहुतेक दिव्यांना एकच तार जाते. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा, कारण बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने त्यालाच जोडलेले असते. यामुळे तारांची लांबी जवळजवळ निम्मी होते, तांबे वाचते, जुळणी सोपी होते. गॅरेजात याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. चार रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी विद्युतसंबंध जवळपास नसतो. मग हा ‘अर्थ’ शब्द आला कुठून?

९/
तो आला तारायंत्रातून. १८३८ साली जर्मनीत कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल यांनी न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ या लोहमार्गाचे दोन रूळ तारांसारखे वापरून संदेश पाठवण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न फसला. रूळ जमिनीपासून विलग नव्हते, त्यामुळे वीज जमिनीत निसटत होती. दुसऱ्या कोणी याला दोष म्हणून सोडून दिले असते. श्टाइनहाइल यांनी निष्कर्ष काढला की जमीनच वीज वाहून नेत असेल, तर परतीची तार हवीच कशाला? एकतारी व्यवस्थेचा जन्म अशा रीतीने एका गळतीतून झाला.

१०/
लगोलग १८३९ साली कलकत्त्याजवळ डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी तारायंत्राचे प्रयोग केले आणि हुगळी नदीचे पाणी विद्युतवाहक म्हणून वापरून पाहिले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५५ साली भारतातील तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. खांबावरून धावणारी एक तार, परतीला धरणीमाता. तारखात्याच्या या बोलीतला ‘अर्थ’ पुढे मोटारीच्या पत्र्याला चिकटला आणि आजतागायत टिकला.

११/
प्रत्येक काटकसरीची किंमत असते. दोन तारांच्या व्यवस्थेत एका तारेचे वेष्टण झिजून ती पत्र्याला टेकली तरी लगेच काही बिघडत नाही. एकतारी मोटारीत संपूर्ण सांगाडा म्हणजे बॅटरीचे दुसरे टोक. दार, छत, बॉनेट, डिकी, चासी, कुठेही उघडी तार टेकली की मंडल दिव्याला वगळून पूर्ण होते. ज्या तांब्याची बचत झाली, त्याचे ओझे वेष्टणाच्या प्रत्येक इंचावर येऊन पडले.

१२/
दोष शोधण्याची विद्याही तारायंत्रानेच घडवली. शेकडो मैल तारेत बिघाड कुठे, हे प्रत्येक खांब तपासून कळणार नव्हते. १८२७ साली ओहम यांनी मांडलेला नियम इथे उपयोगी पडला. तारेचा रोध तिच्या लांबीबरोबर वाढतो. १८४३ साली व्हीटस्टन यांनी लोकप्रिय केलेल्या सेतू-मंडलाने रोध अचूक मोजता येऊ लागला. एका मैलाचा रोध ठाऊक असेल तर मोजलेल्या रोधावरून बिघाड किती मैलांवर आहे, याचा हिशेब कार्यालयात बसूनच करता येई.

१३/
मोटारीत मात्र हे गणित तोकडे पडते. गाडीतील दिव्यांच्या नेहमीच्या एक मीटर तारेचा रोध ओहमच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच असतो. साध्या मीटरच्या टोकांचा संपर्कही त्याहून अधिक रोध दाखवतो. म्हणून मोटारीच्या वायरमनने तारखात्याचे मोजमाप सोडले आणि त्यामागचे तर्कशास्त्र ठेवले : मंडलाचे भाग पाडा, एकेक भाग वेगळा करा, आणि कोणत्या क्षणी दोष नाहीसा होतो ते पाहा.

१४/
वालचंदांचे निधन ८ एप्रिल १९५३ रोजी झाले. त्याआधीच, १९५१ साली, प्रीमियरने इटलीच्या फियाटशी संबंध जोडला होता. पुढे ११०० ही गाडी आली. १९६४ पासून तिचे ‘डिलाइट’ हे रूप, १९७२ च्या सुमारास ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, १२ व्होल्टची बॅटरी आणि डॉजच्या उलट, पत्र्याला जोडलेले ऋण टोक. पुणे ते हैदराबाद महामार्गावरच्या सोलापुरात या गाड्यांची आणि त्यांच्या वायरमनांची एक पिढी वाढली.

१५/
टोकांची ही अदलाबदल दुरुस्तीच्या पहिल्याच कृतीला लागू पडते. ‘निगेटिव्ह आधी काढा’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो. खरा नियम आहे ‘अर्थचे टोक आधी काढा’. अर्थ जोडलेला असताना दुसरे टोक सोडवायला गेले आणि पाना पत्र्याला लागला, तर पानाच शॉर्ट होतो. पद्मिनीत अर्थ म्हणजे ऋण टोक. १९४७ च्या डॉजमध्ये किंवा ल्यूकसची उपकरणे असलेल्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत ते धन टोक असते. गाडीचा इतिहास ठाऊक नसेल तर नियम पाळूनही अपघात घडतो.

१६/
आता शोधाची पहिली पायरी. गाडीच्या तारांवर संशय घेण्यापूर्वी बॅटरीचीच झडती घ्यावी लागते. ती पूर्ण भरून, दोन्ही टोके सोडवून एक-दोन दिवस बाजूला ठेवतात. तशीच उतरली, तर गाडी निर्दोष. जुन्या, बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाची घनता पाहतात. भरलेल्या घटात ती १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते, उतरलेल्यात १.१२ च्या आसपास. पाच घट सारखे आणि सहावा फारच खाली असेल, तर त्या घटाच्या पोटात शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

१७/
हा आतला शॉर्ट घडतो कसा? धक्क्यांनी आणि वयाने पट्ट्यांवरचा लेप झडतो, तळाशी गाळ साचतो, आणि गाळाची पातळी पट्ट्यांपर्यंत पोहोचली की तो त्यांच्यात पूल बांधतो. कधी पट्ट्यांमधला पडदाच फाटतो. उष्णता ही सारी झीज वेगाने घडवते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते. ४० अंशांपलीकडे सहज जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली काय होत असेल, याची कल्पना करावी. बॅटरीच्या माथ्यावर आम्लाने ओली झालेली धूळसुद्धा दोन टोकांमध्ये बारीक वाट तयार करते. ती पुसणे हाही दुरुस्तीचाच भाग.

१८/
बॅटरी निर्दोष ठरली की दुसरी पायरी, दिव्याची. सर्व स्विच बंद, दारे बंद. अर्थचे टोक सोडवून त्या टोकाच्या आणि केबलच्या मध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा साधा बल्ब जोडतात. गाडीला जी काही वीज जाईल ती आता या बल्बातूनच जाईल. खरा शॉर्ट असला तरी धारा पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही, कारण बल्बाची तारच तिला अडवते. अशा रीतीने हा बल्ब साक्षीदार आणि पहारेकरी अशी दोन्ही कामे करतो.

१९/
बल्ब लखलखीत पेटला तर पूर्ण शॉर्ट. मंद तांबूस झाला तर गळती, किंवा मालकाच्या नजरेतून निसटलेला एखादा दिवा. मुळीच न पेटला तर निदान मोठा दोष नाही. इथे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा प्रामाणिक ठरते. आजच्या गाडीत संगणक, गजर आणि रेडिओची स्मृती चावी बंद असतानाही थोडी वीज पितात. पद्मिनीत असे काहीच नाही. नंतर बसवलेला रेडिओ किंवा घड्याळ वगळले, तर उभ्या पद्मिनीची भूक शून्य असायला हवी.

२०/
बल्ब पेटला असेल तर तिसरी पायरी, फ्यूज. डब्यातले फ्यूज एकामागून एक काढायचे आणि नजर बल्बावर ठेवायची. ज्या फ्यूजबरोबर बल्ब विझतो, त्याच शाखेत दोष. मग त्या शाखेवरच्या दिव्यांची आणि स्विचांची जोडणी एकेक सोडवायची. पुन्हा तोच प्रश्न : कशाने विझला? व्होल्टमीटर नसलेल्या रस्त्याकडेच्या गॅरेजातही ही पद्धत चालते, कारण ती यंत्रापेक्षा क्रमावर अवलंबून आहे. घाईत दोन फ्यूज एकदम काढणाऱ्याला मात्र ती काहीच सांगत नाही.

२१/
फ्यूज हेही तारायंत्राचेच अपत्य. १८४७ साली फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी आकाशातील विजेपासून तारयंत्रे वाचवण्यासाठी मध्ये बारीक तार घालण्याचा सल्ला दिला : आधी ती वितळावी, यंत्र वाचावे. या साऱ्या व्यवस्थेतला तोच सर्वांत स्वस्त भाग, मुद्दाम दुबळा ठेवलेला. म्हणून वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने दोष तसाच राहतो आणि वितळण्याची पाळी फ्यूजवरून गाडीतल्या संपूर्ण तारजुडग्यावर येते.

२२/
सगळे फ्यूज काढले, तरी बल्ब पेटलेलाच राहिला तर? त्या काळच्या बहुतेक गाड्यांत स्टार्टरची, इग्निशनची आणि डायनॅमोची तार फ्यूजमधून जातच नसे. इथला जुना अपराधी म्हणजे ‘कटआऊट’. हे विद्युतचुंबकावर चालणारे दार असते. डायनॅमोचा दाब बॅटरीहून वाढला की ते मिटते, कमी झाला की उघडते. त्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले, तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरीच उलट डायनॅमोला वीज पाजू लागते. रात्रभर उभ्या गाडीचा डायनॅमो हाताला गरम लागला, की निदान बहुधा झालेच. अशा वेळी अर्थचे टोक तत्काळ काढावे लागते, कारण इथे आग लागू शकते.

२३/
शॉर्टचे ठिकाण त्याच्या लक्षणावरूनही ओळखता येते. तार दिव्याच्या आधी पत्र्याला टेकली तर फ्यूज उडतो आणि दिवा लागत नाही. पण जुन्या अनेक गाड्यांत भोंग्याचे बटण आणि दारावरचा स्विच परतीच्या बाजूला असतात. बटण दाबणे म्हणजे भोंग्याची तार पत्र्याला टेकवणे. ही तार स्टिअरिंगच्या दांड्यात झिजली, तर फ्यूज उडत नाही. वळण घेताना भोंगा आपोआप वाजतो. दाराच्या स्विचाची तार झिजली तर छताचा दिवा विझतच नाही. उपकरणाच्या आधी शॉर्ट असेल तर अंधार, नंतर असेल तर अखंड चालू : एवढे सूत्र अर्धा शोध वाचवते.

२४/
तार झिजते कुठे? जिथे काहीतरी हलते किंवा थरथरते तिथे. डिकीच्या बिजागरीजवळ, स्टिअरिंगच्या दांड्यात, पत्र्याच्या छिद्रातून तार जाते तिथल्या रबरी कडीत. ती कडी वाळून पडली की पत्र्याची धार तारेला कापू लागते. नंतर बसवलेले पंखे, टेप आणि जादा दिवे यांच्या टेपपट्टी गुंडाळलेल्या जोडण्या हे आणखी एक ठिकाण. अनुभवी वायरमन आधी मालकाला विचारतो, ‘अलीकडे काय बसवलंत?’ इतिहासकाराप्रमाणेच तोही मूळ मजकूर कोणता आणि मागाहून घुसवलेला कोणता, हे आधी वेगळे करतो.

२५/
तार जुडग्यात दडलेली असेल तर एक सुंदर जुनी युक्ती आहे. १८२० साली ओर्स्टेड यांनी दाखवले की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचा, तो मार्ग थांबून थांबून जोडायचा-तोडायचा, आणि लहानसे होकायंत्र जुडग्याला चिकटवून पुढे पुढे सरकवायचे. जिथवर धारा वाहते तिथवर सुई प्रत्येक वेळी दचकते. शॉर्टच्या जागी धारा पत्र्यात उतरते. तिथून पुढे सुई शांत. गालिचा किंवा अस्तर न फाडता दोषाची जागा कळते.

२६/
तारखात्याने मोटारीच्या गॅरेजाला आणखी एक देणगी दिली. ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकॅडी अनेक मीटर वागवून कंटाळले आणि त्यांनी अँपिअर, व्होल्ट व ओहम तिन्ही मोजणारे एकच यंत्र कल्पिले. १९२३ साली बाजारात आलेल्या त्या यंत्राचे नाव ‘ॲव्हो’. आजचा मल्टीमीटर त्याचाच वंशज. पण अँपिअरवर ठेवलेला मीटर म्हणजे जवळजवळ शून्य रोधाची तार असते. तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर मीटरच शॉर्ट ठरतो. म्हणून आधी बल्ब, आणि पूर्ण शॉर्ट नाही याची खात्री पटल्यावरच मीटर.

२७/
मीटरचा आकडा वाचायचा तो हिशेबासाठी. समजा बॅटरी ४० अँपिअर-तासांची आहे. पार्किंगचा ५ वॅटचा एक दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे ती उतरायला चारेक दिवस लागतील. ०.०५ अँपिअरची गळती महिनाभर घेईल. पहिल्या दृश्यातील भरलेली बॅटरी दहा तासांत उतरली. सरासरी ४ अँपिअर. पूर्ण शॉर्ट असता तर तार काही क्षणांतच जळाली असती. चुकून राहिलेला एक छोटा दिवा इतकी वीज खात नाही. उरतात तीन संशयित : चिकटू लागलेला कटआऊट, २१ वॅटचे दोन ब्रेकदिवे रात्रभर पेटते ठेवणारा बिघडलेला स्विच, किंवा क्षमता गमावलेली बॅटरी. वेळ आणि धारा यांच्या गुणाकाराने संशयितांची यादी अशी लहान होते.

२८/
डायनॅमोची जागा पुढे अल्टरनेटरने घेतली. त्यातील डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे कटआऊटची गरज उरली नाही आणि चिकटण्याची भीती गेली. गळती मात्र संपली नाही. एखादा डायोड बिघडला की तीच वीज त्याच उलट्या वाटेने निसटते. म्हणून नंतरच्या पद्मिनीतही फ्यूजनंतरचा प्रश्न तोच राहतो : अल्टरनेटरची तार सोडवल्यावर बल्ब विझतो का?

२९/
हे सारे आता जपण्याची वेळ का आली? ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. त्याआधी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांकपट्टी देऊ केली. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ साली पन्नाशी गाठली. कालचे रोजचे वाहन आज वारसा ठरू लागले आहे, आणि नेमक्या याच काळात त्याची नाडी ओळखणारे हात कमी होत आहेत.

३०/
उतरलेल्या बॅटरीवर आज दोन सोपे उपाय सुचवले जातात : रोज रात्री टोक काढून ठेवा, किंवा सगळ्या तारा काढून नव्या घाला. पहिल्याने दोष झाकला जातो. दुसऱ्याने दोषाबरोबर १९७४ सालची ती जोडणीही जाते, जी पुन्हा कुठल्या कारखान्यात होणार नाही. मधला मार्ग शोधाचा आहे : एका बल्बाचा, एकेका फ्यूजचा, आणि झिजलेला तेवढाच वीतभर तुकडा बदलण्याचा. सोलापुरातील त्या सकाळी गाडीला धक्का मारण्याआधी कोणी बॉनेट उघडून डायनॅमोवर हात ठेवला, तर श्टाइनहाइलच्या रुळांपासून कुर्ल्याच्या कारखान्यापर्यंतचा सारा इतिहास त्या तळहाताला ऊब म्हणून जाणवू शकतो.